हिमवादळात तंबूत रात्र काढताना: कोणतं काम कधी करायचं

हिमवादळात तंबूत राहायचं ठरलं की बहुतेक जण थंडीची तयारी करतात. जाड जाकीट, उबदार स्लीपिंग बॅग, गरम पेयाची सोय. ही तयारी लागतेच. पण माणसं अडचणीत येतात ती बहुधा दुसऱ्याच कारणांनी. साचलेल्या बर्फाने तंबूची हवा कोंडते, अंगावरचे कपडे घामाने भिजतात, खुंट्या उपटून तंबू फाटतो, किंवा सगळ्या चेन बंद करून आत स्टोव्ह पेटवला जातो. यांपैकी एकही गोष्ट अटळ नाही, आणि जवळपास प्रत्येकीच्या मुळाशी कामांचा चुकलेला क्रम असतो. तंबू उभा राहिला की काम संपलं असं समजून लोक आत शिरतात. वादळात तंबू उभा करणं हे निम्मं काम आहे. उरलेलं निम्मं रात्रभर चालतं.

बर्फात शांत हवेत एखादी रात्र काढलेल्यांनीच पुढचे टप्पे वापरावेत. ज्यांची ही पहिलीच वेळ आहे त्यांनी मुद्दाम वादळ गाठू नये. पक्क्या निवाऱ्यापासून जवळ, साध्या थंडीत आधी सराव करावा.

१. निघण्यापूर्वी: अंदाज नीट वाचा, मर्यादा आधी ठरवा

हवामानाच्या अंदाजात लोक किमान तापमान बघतात आणि थांबतात. वादळासाठी चार आकडे लागतात: वाऱ्याचा सरासरी वेग, झोतांचा वेग, वाऱ्याची दिशा आणि रात्रभरात पडणाऱ्या बर्फाची जाडी. उणे १० अंशांत ताशी ३० किलोमीटरचा वारा असेल, तर उघड्या कातडीला ती थंडी जवळपास उणे २० अंशांसारखी लागते.

तापमान शून्याच्या आसपास राहणार असेल तर जास्त सावध व्हा. उणे १५ अंशांतला कोरडा बर्फ झटकला की जातो. शून्याच्या जवळचा ओला बर्फ कपड्यांत मुरतो, तंबूला चिकटतो आणि वजनाने कितीतरी जड असतो. ‘आज फार थंडी नाही’ म्हणून निघालेले गट अशाच रात्री पूर्ण भिजतात.

मर्यादा घरी बसून ठरवा आणि कागदावर लिहा: किती वाऱ्याच्या अंदाजाला निघायचं नाही, किती वाजेपर्यंत मुक्कामाची जागा सापडली नाही तर परत फिरायचं. वादळात थकलेल्या अवस्थेत घेतलेला निर्णय बहुतेक वेळा पुढे जाण्याच्या बाजूने झुकतो, म्हणून तो आधीच घेऊन ठेवायचा. त्या भागासाठी हिमस्खलनाचा इशारा प्रसिद्ध होत असेल तर तो वाचल्याशिवाय निघू नका. मागे राहणाऱ्या एका जबाबदार माणसाला तुमची वाट, मुक्कामाची जागा, परतीची वेळ आणि किती उशीर झाल्यावर मदत मागवायची, हे लिहून द्या.

२. सामान: कुठे काटकसर चालत नाही

तंबू हिवाळी वापराचा हवा, म्हणजे एकमेकांना छेदणारे मजबूत पोल, जमिनीपर्यंत येणारं बाहेरचं कापड आणि बंद करता येणाऱ्या झडपा. उन्हाळी तंबूच्या आतल्या भिंती जाळीच्या असतात. वाऱ्याबरोबर उडणारा पिठूळ बर्फ त्या जाळीतून आत येतो आणि सकाळपर्यंत स्लीपिंग बॅग ओली करतो.

निघण्यापूर्वी तंबू एकदा हातमोजे घालून, अंधारात लावून बघा. जे काम मोजे काढल्याशिवाय जमत नाही, ते घरीच सोपं करून ठेवा: चेनींना दोरीच्या लांब शेपट्या बांधा, ताणाच्या सगळ्या दोऱ्या आधीच अडकवून ठेवा, दोऱ्यांच्या टोकांना मोठे फासे करा. तुटलेल्या पोलवर चढवायची नळी आणि चिकटपट्टी बरोबर असू द्या.

स्लीपिंग बॅगवर सहसा दोन-तीन तापमानं छापलेली असतात. आयएसओ २३५३७ या मानकानुसार ‘कम्फर्ट’ म्हणजे थंडी लवकर लागणाऱ्या माणसाला आरामात झोप लागेल ते तापमान, आणि ‘लिमिट’ म्हणजे अंग आखडून का होईना, रात्र निघेल ते. ‘एक्स्ट्रीम’ हा आकडा जीव वाचण्यापुरता असतो. निवड ‘कम्फर्ट’ बघूनच करा, आणि अपेक्षित तापमानापेक्षा काही अंश कमीची बॅग घ्या.

अंगाखालच्या मॅटकडे लोक सर्वात जास्त दुर्लक्ष करतात. बॅगेतला भराव तुमच्या वजनाखाली दबतो आणि उष्णता सरळ बर्फात जाते. मॅटची उष्णता अडवण्याची ताकद ‘आर व्हॅल्यू’ने मोजतात. बर्फावर ती किमान ५ तरी हवी. दोन मॅट एकावर एक ठेवल्या तर त्यांच्या आर व्हॅल्यूंची बेरीज होते, म्हणून खाली फोमची आणि वर हवेची, ही जोडी मला सगळ्यात भरवशाची वाटते. हवेची मॅट फुटली तरी फोम उरतो. हवेची मॅट तोंडाने फुगवू नका. श्वासातली वाफ आत गोठते. फुगवण्याची पिशवी वापरा.

कपड्यांत सुती काहीही नको, आतले कपडे आणि पायमोजेसुद्धा सुती नकोत. लोकर किंवा कृत्रिम धाग्याचा एक पूर्ण कोरडा जोड फक्त झोपण्यासाठी, पाणी न शिरणाऱ्या पिशवीत बांधून ठेवा. तो दिवसा कितीही थंडी वाजली तरी काढायचा नाही.

गॅसच्या डब्यात तीन वायूंचं मिश्रण असू शकतं. साधा ब्यूटेन उणे अर्ध्या अंशाला, आयसोब्यूटेन साधारण उणे १२ अंशांना आणि प्रोपेन उणे ४२ अंशांना उकळतो. कडक थंडीत आधी प्रोपेन संपतो, मग उरलेला वायू डब्यात द्रवरूपात पडून राहतो आणि ज्योत मरते. डबा अर्धा भरलेला असूनही स्टोव्ह पेटत नाही तो यामुळे. खऱ्या थंडीसाठी हाताने दाब भरायचा, द्रव इंधनावर चालणारा स्टोव्ह जास्त खात्रीचा. बर्फ वितळवण्यासाठी माणशी दिवसाला साधारण १५० ते २०० ग्रॅम इंधन धरा आणि वादळामुळे एक दिवस अडकलात तर लागेल तेवढं वर घ्या.

फावडं धातूच्या पात्याचं हवं. प्लास्टिकचं पातं घट्ट बर्फावर तडकतं. तंबूमागे एक ही अगदी किमान गरज, दोन माणसांमागे एक असेल तर उत्तम.

तपासणी: फावडं, कोरडा जोड, दोन मॅट, लिथियम बॅटरीचा हेडटॉर्च आणि सुटे सेल, शिटी, अंगावर ओढायची आपत्कालीन पिशवी. यातलं एकही राहिलं असेल तर निघू नका.

३. जागा निवडणं: उजेड असेपर्यंतच

जागा शोधायला पुरेसा वेळ ठेवा. अंधार पडण्यापूर्वी किमान दोन तास तरी थांबलेलं असावं.

पहिला प्रश्न हिमस्खलनाचा. बहुतेक हिमस्खलनं ३० ते ४५ अंशांच्या उतारांवर सुटतात, पण खाली येणारा बर्फ सपाटीवर बराच पुढपर्यंत वाहत जातो. त्यामुळे ‘आपण सपाट जागी आहोत’ एवढं पुरेसं नाही. वर काय आहे ते बघा. झाडांच्या चढाकडच्या फांद्या तुटलेल्या असतील, जंगलातून एक सरळ मोकळी पट्टी खाली आलेली असेल, किंवा पायथ्याशी बर्फाचे गोळे नि मोडकी लाकडं विखुरलेली असतील, तर ती वाट हिमस्खलनाची आहे. वर कड्याच्या टोकावर बर्फाची पुढे आलेली पागोळी असेल तर तिच्याखाली मुक्काम करू नका.

दुसरा प्रश्न वाऱ्याचा, आणि इथे एक फसवणूक आहे. मोठ्या खडकाच्या किंवा टेकाडाच्या लगेच मागे, वाऱ्यापासून आडोशाची जागा फार शांत वाटते. तीच जागा वाऱ्याने वाहून आणलेला बर्फ साचण्याची असते. तिथे वारा मंदावतो म्हणून त्याने उचललेला बर्फ तिथेच पडतो. तंबूला वारा लागत नाही, पण मध्यरात्रीपर्यंत तो गाडला जातो. आडोसा हवाच, पण त्याच्या पायाशी चिकटून नको. आधीच्या वाऱ्याने बर्फावर कोरलेल्या रेघा आणि अडथळ्यांमागे साठलेले उंचवटे बघा. वारा कुठून येतो आणि बर्फ कुठे टाकतो, हे त्यांवरून दिसतं.

डोंगरधार टाळा, तिथे झोत सर्वाधिक असतात. दरीचा अगदी तळही टाळा, कारण थंड हवा जड असल्याने तिथे जमा होते. थोडी वरची, झाडीतली सपाटी सर्वात बरी. झाडीत मान वर करून बघायला विसरू नका. वाळलेलं झाड, अडकलेली तुटकी फांदी किंवा बर्फाने वाकलेली मोठी फांदी तंबूच्या बरोबर वर नको. गोठलेल्या तळ्यावर तंबू लावू नका.

४. ओटा तयार करणं: घाई इथेच महागात पडते

पाठपिशवी उतरवल्यावर पहिलं काम तंबू काढणं नाही. अंगातला एक थर काढा, म्हणजे खणताना घाम येणार नाही. मग तंबूपेक्षा चारही बाजूंनी साधारण एक मीटर मोठी जागा तुडवा. स्की किंवा बर्फात चालायचे जाळीदार बूट असतील तर आधी त्यांनी, मग साध्या बुटांनी. फावड्याने पृष्ठभाग सपाट करा आणि वीस-तीस मिनिटं तसाच सोडा.

ही थांबण्याची पायरी सगळे गाळतात. दाबलेल्या बर्फाचे कण एकमेकांना धरायला वेळ घेतात. तेवढा वेळ दिला तर ओटा फरशीसारखा टणक होतो. नाही दिला तर गुडघे आणि कोपर बर्फात खड्डे करतात, ते रात्री गोठतात आणि त्यांवरच झोपावं लागतं.

तेवढ्या वेळात वाऱ्याच्या बाजूला बर्फाची भिंत घालता येते. सुमारे एक मीटर उंच, पायाशी रुंद. अंतर महत्त्वाचं. भिंत तंबूपासून तिच्या उंचीइतकी ते दीडपट दूर ठेवा. तंबूला खेटून घातलेली भिंत वाऱ्यातला बर्फ थेट तंबूवर टाकते. माझं मत असं, की वारा मध्यम आणि बर्फवृष्टी जोराची असेल तर भिंत घालूच नये. ती शक्ती रात्री तंबू मोकळा करायला राखून ठेवावी.

५. तंबू उभा करणं: वाऱ्याकडची कड आधी

वादळात तंबू फाटतो त्यापेक्षा जास्त वेळा तो उडून जातो, तेही उभा करतानाच. म्हणून क्रम असा ठेवा.

पहिल्यांदा नांगर, म्हणजे तंबूची दोरी धरून ठेवणारी वस्तू, बर्फात पुरा. साध्या खुंट्या भुसभुशीत बर्फात धरत नाहीत. कापडी पिशवीत बर्फ भरा किंवा एखादी जाड काठी घ्या, भोवती दोरी घाला आणि ३० ते ४० सेंटिमीटर खोल चरात आडवी पुरा. चर दोरीच्या ओढीला काटकोनात हवा. वर बर्फ टाकून तुडवा आणि तोही घट्ट होऊ द्या. दोरी पिशवीभोवती फक्त ओवून तिची दोन्ही टोकं वर ठेवा, गाठही वरच मारा. सकाळी गाठ सोडून एक टोक ओढलं की दोरी मोकळी होते. खाली गाठ मारलीत तर ती गोठते आणि दोरी कापावी लागते. स्की आणि चालायच्या काठ्याही नांगर म्हणून उत्तम, पण रात्री त्यांचं काम पडणार नसेल तरच.

मग तंबू पिशवीतून बाहेर काढतानाच वाऱ्याकडची कड नांगराला अडकवा. एक जण त्यावर गुडघे टेकून बसेल, दुसरा पोल घालेल. तंबूची बुटकी, निमुळती बाजू वाऱ्याकडे हवी. पोल उभे झाले की उरलेले कोपरे आणि त्यानंतर ताणाच्या सगळ्या दोऱ्या बांधा. ‘दोन-तीन पुरेत’ असं म्हणू नका. पोल वाकतात ते मधल्या दोऱ्या सोडल्यामुळे.

दरवाजा वाऱ्याकडे ठेवायचा नाही हे सगळ्यांना माहीत असतं. पण बरोबर विरुद्ध बाजूलाही नको, कारण बर्फ तिथे साचतो आणि दार बंद होतं. वारा दारासमोरून आडवा जाईल अशी दिशा सर्वात चांगली.

बाहेरच्या कापडाच्या कडेवर बर्फ टाकून वारा अडवता येतो. मात्र चारही बाजू बंद करू नका. आडोशाच्या बाजूला तळाशी हातभर लांबीची फट उघडी राहू द्या आणि वरची झडप उघडी ठेवा. खालून हवा आत, वरून बाहेर, हा प्रवाह रात्रभर चालू राहिला पाहिजे.

शेवटी ओसरीत, म्हणजे दाराबाहेरच्या झाकलेल्या जागेत, गुडघाभर खोल खड्डा खणा. पाय खाली सोडून बसता येतं, बूट घालता येतात, आणि जड थंड हवा त्यात उतरते.

इशारा: बर्फावर ठेवलेली वस्तू तासाभरात दिसेनाशी होते. फावडं, काठ्या, कुऱ्हाड नेहमी उभी रोवा. झोपण्यापूर्वी फावडं ओसरीत, दारातून हात घालता येईल इतकं जवळ ठेवा. बाहेर राहिलेलं फावडं रात्री काही कामाचं नाही.

अर्ध्या तासाने सगळ्या दोऱ्या पुन्हा ताणा. नायलॉन ओलं झालं की सैल पडतं, आणि सैल कापड वाऱ्यात फडफडून शिवणीतून जातं.

६. आत येणं, पाणी, जेवण

आत एका वेळी एकच जण. तो आधी मॅट आणि बॅगा मांडेल, मग दुसरा येईल. ओसरीतच अंगावरचा बर्फ ब्रशने किंवा हाताने पूर्ण झटका. आत आलेला बर्फ वितळतो आणि रात्री परत अंगावर गोठतो. ओले कपडे लगेच बदला, उशीर केलात तर अंगाची ऊब ते सुकवण्यातच जाते.

आता पाणी. एक किलो बर्फ नुसता वितळवायला जेवढी उष्णता लागते, तेवढ्यात त्याच पाण्याचं तापमान शून्यावरून ८० अंशांपर्यंत नेता येतं. म्हणूनच इंधन इतकं लागतं, आणि म्हणूनच तहान लागली तर बर्फ खाऊ नये. तो वितळवायची उष्णता तुमच्या शरीरातून जाते. भांड्यात आधी थोडं पाणी घाला, मग बर्फ थोडाथोडा टाका. कोरडा बर्फ थेट तापवला तर भांडं करपतं आणि पाण्याला जळकट चव येते. भुसभुशीत बर्फाचं पाणी फारच थोडं निघतं. खोलवरचा घट्ट बर्फ खणून घ्या. स्वच्छ बर्फाची जागा एका बाजूला आणि शौचाची जागा दुसऱ्या बाजूला, हे पहिल्याच तासात ठरवून घ्या.

स्टोव्हबद्दल मी कोणतीही सवलत देणार नाही. आतल्या तंबूत स्टोव्ह पेटवायचा नाही. बाहेर उभं राहणं अशक्य असेल तरच ओसरीत पेटवा, आणि तेव्हा दार वरून उघडं हवं, खालची फट मोकळी हवी, स्टोव्ह पातळ फळीवर स्थिर ठेवलेला हवा, ज्योतीपासून कापड लांब हवं आणि एक माणूस पूर्ण वेळ शेजारी हवा. द्रव इंधनाचा स्टोव्ह पेटताना मोठा भडका येतो. तो शमेपर्यंत स्टोव्ह कापडाबाहेर मोकळ्यावर ठेवा. इंधन भरायचं ते बाहेर, स्टोव्ह गार झाल्यावर. कडक थंडीत बोटांवर सांडलेलं इंधन काही क्षणांत हिमदंश करू शकतं, म्हणजे बोटं गोठवू शकतं, तेव्हा त्यासाठी वेगळे मोजे ठेवा.

इशारा: कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. डोकेदुखी, मळमळ, गरगर आणि गुंगी ही त्याची लक्षणं थकव्यासारखीच वाटतात. तंबूतल्या दोघांचं डोकं एकदम दुखू लागलं तर चर्चा करू नका. स्टोव्ह बंद करा, दार पूर्ण उघडा, बाहेर पडा. लायटर पेटतोय म्हणजे हवा चांगली आहे, हा समज चुकीचा आहे. ज्योत नीट जळत असतानाही हा वायू धोकादायक प्रमाणात असू शकतो. तंबू गरम करायला स्टोव्ह किंवा कोळसा कधीही पेटवू नका.

झोपण्यापूर्वी पोटभर, तेला-तुपाचा अंश असलेलं खा. स्निग्ध पदार्थ हळू पचतात आणि ऊब जास्त वेळ टिकते. मद्य नको. त्याने कातडीकडचा रक्तप्रवाह वाढतो, गरम वाटतं आणि शरीर आतून थंड होत जातं.

शेवटचं पाणी उकळून घट्ट झाकणाच्या बाटलीत भरा, मोज्यात घाला आणि स्लीपिंग बॅगेत मांड्यांच्या मधे ठेवा. बाकीच्या बाटल्या उलट्या ठेवा. पाणी वरून गोठत येतं, म्हणून उलट्या बाटलीचं झाकण मोकळं राहतं.

७. रात्र: पाळी लावल्याशिवाय झोपू नका

लेखातला हा सर्वात महत्त्वाचा टप्पा, आणि हाच बहुतेक जण करत नाहीत.

हलका ताजा बर्फ दर घनमीटरला साधारण १०० किलो धरला, तर चार चौरस मीटरच्या छतावर साचलेला ३० सेंटिमीटरचा थर १२० किलोंचा होतो. उतरत्या कापडावरून बराचसा घसरतो हे खरं. पण घसरलेला बर्फ तंबूच्या पायाशी जमतो, भिंती आत ढकलतो आणि खालची हवेची फट बुजवतो. छत मोकळं दिसत असतानाही तंबू कोंडतो तो असा.

म्हणून गजर लावा. जोराच्या बर्फवृष्टीत दर तासाला, कमी झाली तर दोन तासांना. पाळ्या वाटून घ्या आणि उठणाऱ्याने हा क्रम पाळावा.

आधी आतूनच छताला तळहाताने खालून हलके धक्के द्या. सैल बर्फ घसरेल. नखाने खरवडू नका, ताणलेलं कापड फाटतं. मग झडप आणि खालची फट हात घालून तपासा. एकही बंद असेल, किंवा भिंती आत आल्या असतील, तर बाहेर जायचंच. पूर्ण कपडे, बूट, मोजे, हेडटॉर्च, सगळं घालून. ‘दोन मिनिटांचंच काम’ म्हणून अर्ध्या कपड्यांत बाहेर पडलेला माणूस भिजून परत येतो.

बाहेर आधी हवेच्या वाटा मोकळ्या करा, नंतर पायथा, शेवटी छत. फावड्याचं पातं कापडापासून वीतभर लांब ठेवा, उरलेला बर्फ हाताने ओढा. पायथ्याचा बर्फ नुसता बाजूला सारू नका, वारा ज्या बाजूला जातो तिकडे दूर टाका. नाही तर तंबू हळूहळू विहिरीच्या तळाशी जातो आणि पुढच्या वेळी बर्फ वर फेकावा लागतो. दोऱ्याही या फेरीतच ताणा.

दार नेहमी वरून खाली उघडा. खालून उघडलंत तर साचलेला बर्फ थेट आत येतो.

वाऱ्यात काही दिसत नसेल तर तंबूपासून दोरी न बांधता लांब जाऊ नका, लघवीलासुद्धा. समोरचं काही दिसत नसताना काही मीटरवरूनही तंबू सापडत नाही. रुंद तोंडाची, वेगळी ओळखू येईल अशी बाटली त्यासाठी आत ठेवणं जास्त शहाणपणाचं.

इशारा: वादळ चालू असताना तंबू एकदम शांत आणि उबदार वाटू लागला तर लगेच उठा. वारा थांबला असेलही, पण तंबू बर्फाखाली गेल्यावरही आवाज असाच बंद होतो.

झोपताना तोंड बॅगेच्या आत घेऊ नका. श्वासाची वाफ भरावात जाते आणि बॅग जड, थंड होते. नाक-तोंड बाहेर ठेवून टोपी आणि मफलर वापरा. बुटांचं आतलं अस्तर, हातमोजे, फोन, बॅटऱ्या आणि गॅसचा डबा स्लीपिंग बॅगेत घ्या. फोन शून्याखालच्या तापमानात चार्ज करू नका, लिथियम-आयन बॅटरी कायमची बिघडते. रात्री थंडी वाजली तर वाट बघू नका. थोडं खा, बाटली पुन्हा गरम करता येत असेल तर करा, बॅगेतच पोटाचे स्नायू आवळून सोडा.

८. शरीराची तपासणी: एकमेकांची करा, स्वतःची नाही

शरीराच्या आतलं तापमान ३५ अंशांच्या खाली गेलं की हायपोथर्मिया सुरू होतो. ज्याला तो होतो त्याला कळत नाही, म्हणून जोडीदाराने बघायचं. बोलणं अडखळतंय का, साधी चेन लावता येत नाही का, विनाकारण चिडचिड किंवा उदासीनता आहे का? कुडकुडणं चालू आहे तोवर शरीर झगडत आहे. थंडी कायम असताना कुडकुडणं थांबलं आणि माणूस सुस्त झाला, तर परिस्थिती गंभीर आहे. ओले कपडे काढा, कोरडे घाला, बॅगेत ठेवा, छाती आणि काखांशी कापडात गुंडाळलेल्या गरम बाटल्या द्या. पूर्ण शुद्धीत असेल आणि गिळता येत असेल तरच गोड गरम पेय द्या. हातपाय चोळू नका, उठवून चालवू नका, आणि मदत मागवा.

बोटं, नाक, कान पांढरे आणि बधिर झाले तर हिमदंशाची शंका घ्या. बर्फाने किंवा हाताने चोळू नका. वरवरचा असेल तर काखेत किंवा कातडीला लावून ऊब द्या. कडक, लाकडासारखा झालेला भाग पुन्हा गोठण्याची शक्यता असेल तर तंबूत वितळवू नका. वितळून परत गोठला तर इजा कितीतरी वाढते.

९. तंबू मोडलाच तर

पोल तुटला तर आधी वजनाने तंबू खाली दाबा, तुटलेल्या जागी नळी चढवा, मग उभा करा. कापड फाटलं असेल आणि वारा आत घुसत असेल तर तंबू वाचवण्यात शक्ती घालवू नका. बूट, जाकीट, बॅग, मॅट, स्टोव्ह आणि फावडं एकत्र करा, अंगावर सगळे कपडे चढवा, आणि बर्फात शरीराच्या रुंदीचा, कमरेइतका खोल चर खणा. त्यावर तंबूचं कापड आडवं टाका, कडांवर बर्फ ठेवा, एका टोकाला हवेचं भोक ठेवा आणि ते काठीने अधूनमधून मोकळं करत राहा. अंधारात, वादळात खाली उतरायला निघणं हा सहसा यापेक्षा वाईट पर्याय असतो.

मदतीची खूण: शिटी किंवा टॉर्चने मिनिटाला सहा वेळा, मग एक मिनिट थांबून पुन्हा.

१०. सकाळ

वादळ थांबलं म्हणून लगेच निघू नका. ताज्या बर्फाचं वजन उतारांवर नुकतंच आलेलं असतं आणि वादळानंतरचे पहिले एक-दोन दिवस हिमस्खलनाचा धोका विशेष असतो. परतीच्या वाटेवर तीव्र उतार असतील आणि अन्न-इंधन शिल्लक असेल, तर आणखी एक दिवस थांबणं बरोबर ठरतं. काल आलात ती पावलांची वाट आता दिसणार नाही, त्यामुळे नकाशा आणि होकायंत्रावर दिशा आधी काढून ठेवा.

आवरताना आतलं सगळं सामान आधी पाठपिशवीत भरा, तंबू अगदी शेवटी. आतल्या भिंतींवर गोठलेली वाफ ब्रशने गोळा करून बाहेर टाका. पोलचे सांधे गोठले असतील तर पिळू नका, मोजा घातलेल्या मुठीत धरून ऊब द्या. वाऱ्याकडचा नांगर सर्वात शेवटी सोडा, आणि तोपर्यंत कापडावर एकाचा गुडघा राहू द्या. नांगर काढायला फावडं दोरीच्या कडेने चालवा, दोरीवर नको.

घरी पोचल्यावर स्लीपिंग बॅग त्याच दिवशी पिशवीतून काढून मोकळी पसरा. भरावात रात्रभराची वाफ असते, आणि दाबून ठेवलेली ओली बॅग पुढच्या वेळी छापलेल्या तापमानाला टिकणार नाही.